हवापालटाचें प्रेम

सुटीच्या दिवसांत परगांवीं गेलेल्या दोन अनोळखी प्रवाशांचें प्रेम जुळवून देण्याचा धंदा अलीकडे कथाकारांनीं व चित्रपटकारांनीं फारच भरभराटीस आणला आहे. त्याचा सांचा एव्हांना वाचकांस तोंडपाठ झाला असेल. गांव लहान असावें लागतें. तेथें डोंगर, समुद्र किंवा बर्फ यांपैकीं एक तरी हटकून असावें लागतें. गाडी चुकावी लागते, नाहीं तर पाऊस तरी कोसळावा लागतो. आणि त्या पावसामुळें ज्या दोघांना एका छपराखालीं यावें लागतें, तीं पहिल्या प्रकरणांत एकमेकांस अगदीं असह्य वाटावीं लागतात. ती टापटिपीची तर तो गबाळा; तो घुमा तर ती बोलघेवडी. चार दिवस भांडण, पांचव्या दिवशीं समेट, सहाव्या दिवशीं आलिंगन आणि सातव्या दिवशीं पडदा! अमेरिकेंत 'हॉलमार्क' नांवाच्या दूरचित्रवाणी-वाहिनीनें नाताळच्या दिवसांसाठीं असल्या चित्रपटांचा कारखानाच काढला असून त्यांतून दर वर्षीं डझनांवारी माल बाहेर पडतो. त्यांतलीं अमेरिकन खेडीं पुष्कळदां कॅनडांत उभीं केलेलीं असतात. या व्यवसायाला गांवाची गरज कितपत असते हें सांगावयास एवढी एकच गोष्ट पुरेशी आहे.

या गोष्टी गोड असतात हें आमचें गाऱ्हाणें नव्हे, आणि त्यांत प्रेम असतें हें तर नव्हेच. परक्या गांवीं, परक्या हवेंत, ओळखीच्या डोळ्यांची पाळत नसतांना माणसाचें मन मोकळें होतें, आणि घरीं ज्याच्याकडे त्यानें ढुंकूनहि पाहिलें नसतें अशा माणसाकडे तें ओढलें जातें, हा अनुभव खरा आहे व वाङ्मयाला योग्य असाच आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. हवापालटाला गेलेल्या माणसाविषयीं दुसरें कांहीं ठाऊक नसलें तरी एक गोष्ट आधींपासून निश्चित असते. ती ही कीं, तो परत जाणार. परतीचें तिकीट त्याच्या खिशांत असतें, आणि त्या तिकिटामुळेंच त्याच्या चार दिवसांना धार आलेली असते. नेमकी हीच गोष्ट हे लेखक गाळतात. परतीची गाडी फलाटावर लागली कीं त्यांची लेखणी थांबते. किंवा दोघांपैकीं एक जण सुटत्या गाडींतून उडी टाकतो, घरची नोकरी, घरचीं माणसें, घरचें देणें हें सर्व एका वाक्यांत वाऱ्यावर सोडतो, आणि आपण प्रेमाचा विजय पाहिला असें समजून वाचक डोळे पुसतो. लढाईला गेल्यावांचून केलेला हा जयघोष आहे.

या प्रकाराच्या कैवाऱ्यांचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे. दमल्याभागल्या वाचकाला चार घटका विरंगुळा हवा असतो, त्याच्यापुढें पुन्हां घरच्याच विवंचना कशाला मांडावयाच्या, असें ते विचारतात, आणि तसा आग्रह धरणारास अरसिक ठरवून मोकळे होतात. परंतु विरंगुळ्यासाठीं सत्याला फांटा द्यावाच लागतो, हें कोणीं ठरविलें? फ्रँक काप्रा यानें १९३४ सालीं काढलेला 'इट हॅपन्ड वन नाइट' हा बोलपट घ्या. बापाच्या अफाट संपत्तींतून पळालेली एक मुलगी आणि नोकरी गमावलेला एक बातमीदार रात्रीच्या बसमध्यें योगायोगानें एकत्र येतात, वाटेंतल्या स्वस्त मुक्कामावर दोन खाटांच्या मध्यें दोरीवर घोंगडी टांगून निजतात, आणि प्रेक्षक पोट धरधरून हंसतो. पण तो काळ मंदीचा होता, आणि बोलपट तें क्षणभरहि विसरत नाहीं. त्याच बसमध्यें भुकेनें घेरी येऊन पडलेली एक बाई व तिचें रडणारें पोर आहे. खिशांतले शेवटचे पैसे संपणें म्हणजे काय हें त्या श्रीमंत मुलीला प्रवासांतच कळतें. तीं दोघें विजोड आहेत तीं पैशानें, आणि तें अंतर प्रत्येक जेवणाच्या वेळीं आडवें येतें. याच कथानकाच्या वळणावर हिंदींत १९५६ सालीं 'चोरी चोरी' आणि १९९१ सालीं 'दिल है कि मानता नहीं' हे चित्रपट निघाले. गाणीं आलीं, तीं लोकांच्या तोंडीं बसलीं. बसमधली ती भूक मात्र वाटेंत कोठें तरी उतरून गेली.

'विजोड' हा आपल्या भाषेंतला जुना शब्द आहे, आणि लग्नाच्या बोलाचालींत त्याला फार नेमका अर्थ असे. वयाचें अंतर, घराण्याचें अंतर, ऐपतीचें अंतर असा तो अर्थ होता, व तीं अंतरें कोणाच्या हंसण्यानें मिटत नसत. आजच्या कथाकारानें त्याचा अर्थ 'आवडीनिवडी न जुळणारीं' एवढाच करून ठेवला आहे. एकाला पहांटे उठण्याची हौस आणि दुसऱ्याला नाहीं, यांत विजोड तें काय? हा चहाच्या वेळेचा प्रश्न झाला. असल्या अंतरावर मात करावयास प्रेम कशाला हवें, गजराचें घड्याळ पुरे.

या जातीच्या कथेचा अस्सल नमुना पाहावयाचा तर सव्वाशें वर्षें मागें जावें लागतें. अंतोन चेकॉव्ह याची 'कुत्रेवाली बाई' ही कथा १८९९ च्या डिसेंबरांत 'रूस्काया मिस्ल' या मॉस्कोच्या मासिकांत प्रसिद्ध झाली. त्या सुमारास चेकॉव्ह क्षयानें पोखरला होता व प्रकृतीसाठीं क्रिमियांतील याल्टा या समुद्रकाठच्या लहानशा गांवीं राहावयास आला होता. तो स्वतः डॉक्टर. हवापालटानें काय बरें होतें आणि काय होत नाहीं, हें त्याला दुसऱ्यानें सांगावयास नको होतें. या गांवाची ख्याति तेव्हां हवेसाठीं जितकी होती तितकीच प्रवादांसाठींहि होती. चेकॉव्ह ते प्रवाद लपवीत नाहीं, पण त्यांतले बहुतेक अशा लोकांनीं रचलेले असतात कीं ज्यांना स्वतःला जमलें असतें तर त्यांनीं तीं पापें आनंदानें केलीं असतीं, एवढें जातां जातां सांगून ठेवतो.

त्यांतला गुरोव्ह हा चाळिशीच्या आंतला मॉस्कोचा गृहस्थ. शिक्षण भाषाशास्त्राचें, नोकरी बँकेंत, शहरांत दोन घरें, बायको, बारा वर्षांची मुलगी व शाळेंत जाणारे दोन मुलगे. स्त्रीजातीला तो हलकी समजतो आणि तिच्या सहवासावांचून दोन दिवसहि काढूं शकत नाहीं. ॲना सर्गेयेव्हना ही नुकतीच विशी ओलांडलेली. विसाव्या वर्षीं लग्न होऊन एका प्रांतिक शहरीं दोन वर्षें राहिलेली. नवरा नेमक्या कोणत्या कचेरींत काम करतो हेंहि तिला नीटसें सांगतां येत नाहीं. तिच्यामागून एक लहान पांढरें कुत्रें चालत असतें. आतां या दोघांचें विजोडपण पाहा. वयांत जवळ जवळ एका पिढीचें अंतर. शाळा सोडून तिला फार दिवस झालेले नाहींत, हें खुद्द गुरोव्हलाच आपल्या मुलीच्या आठवणीनें जाणवतें. दोघेंहि विवाहित. आणि याहून मोठें अंतर असें कीं, त्याला या खेळांतले सर्व डाव पाठ आहेत, आणि हा खेळ आहे हेंच तिला ठाऊक नाहीं.

पहिल्या एकांतानंतर ती केस मोकळे सोडून खिन्न बसते आणि आपण पतित झालों असें म्हणते. टेबलावर एक कलिंगड पडलेलें असतें. गुरोव्ह त्याची फांक कापतो व सावकाश खाऊं लागतो. अर्धा तास कोणी बोलत नाहीं. आजच्या कथेंत या क्षणीं खिडकीबाहेर हमखास चांदणें पडलें असतें. चेकॉव्हनें कलिंगड ठेवलें, आणि त्या एका फळानें दोघांमधलें अंतर जेवढें दाखविलें आहे तेवढें दहा पानांच्या संवादानें दाखवितां आलें नसतें. लेखकाला आपल्या नायकाची लाज वाटली पाहिजे तेथें वाटूं द्यावी, हें धैर्य आमच्या गोड कथाकारांत अभावानेंच आढळतें. त्यांच्या नायकाला फार तर मोजे जागेवर ठेवण्याची संवय नसते.

याल्ट्याला आगगाडी नव्हती, आजहि नाहीं. परत जाणारास घोड्यांच्या गाडीनें दिवसभर प्रवास करून मग आगगाडी धरावी लागे. नवऱ्याचे डोळे दुखत असल्याचें पत्र येतें, ॲना निघते, गुरोव्ह तिला पोंचवावयास जातो. गाडी सुटते, तिचे दिवे दिसेनासे होतात, आणि काळोख्या फलाटावर उभा राहून तो मनाशीं हिशेब मिटवितो कीं, आणखी एक प्रकरण झालें व संपलें. आतां आपणहि उत्तरेकडे निघावें हें बरें. कारखान्यांतली गोष्ट फार तर येथवर येते. चेकॉव्हच्या कथेचे भाग चार आहेत. त्यांतले दोनच येथें पुरे होतात.

उरलेले दोन भाग परतल्यानंतरचे आहेत, आणि ही कथा थोर ठरली ती त्या दोन भागांमुळें. मॉस्कोंत हिंवाळा सुरू झालेला असतो. घर, बँक, क्लब, पत्ते यांत महिन्याभरांत ती बाई पुसट होऊन जाईल असें गुरोव्हला वाटतें. ती पुसट होत नाहीं. तेव्हां त्याला तिच्याविषयीं कोणाशीं तरी बोलावेंसें वाटूं लागतें, आणि येथें हवापालटाच्या प्रेमावरचा पहिला खरा आघात होतो: घरीं तें ऐकून घेणारें कोणीच नसतें. एके रात्रीं क्लबांतून बाहेर पडतांना न राहवून तो आपल्या सोबत्याला सांगूं लागतो कीं, याल्ट्याला आपल्याला एक विलक्षण बाई भेटली होती. सोबती घसरगाडींत बसतो, निघतो, आणि मागें वळून त्याला हांक मारतो. कशासाठीं? तर जेवणांतल्या मासळीला वास येत होता हें तुमचें म्हणणें खरें होतें, एवढें सांगण्यासाठीं! याहून क्रूर वाक्य एखाद्या खलपुरुषाच्या तोंडीं घालूनहि साधलें नसतें; आणि तो बिचारा खल मुळींच नाहीं, साधा सरकारी नोकर आहे.

नाताळच्या सुटींत गुरोव्ह बायकोला पीटर्सबर्गला जातों असें सांगून ॲनाच्या गांवीं जातो. या गांवाला चेकॉव्हनें नांव दिलेलें नाहीं, नुसतें एक अक्षर दिलें आहे. खाणावळींतल्या उत्तमांतल्या उत्तम खोलींत जमिनीवर शिपायांच्या डगल्यांचें करडें कापड अंथरलेलें. टेबलावर धुळीनें करडी झालेली दौत, तिच्यावर मुंडकें तुटलेला घोडेस्वार. ॲनाच्या घरासमोर खिळे ठोकलेलें लांबच लांब करडें कुंपण. याल्ट्याचा समुद्र ज्यानें रंगविला त्याच हातानें ही खोली रंगविली आहे, आणि अधिक काळजीनें रंगविली आहे. रात्रीं नाट्यगृहांत 'गेशा' या संगीतिकेचा पहिला प्रयोग असतो. ॲना येते. लहानखुरी, हातांत एक सामान्य दुर्बीण, त्या प्रांतिक गर्दींत कोणाच्या नजरेंतहि न भरणारी. हवापालटाची सारी जादू येथें उतरून गेलेली आहे. आणि ती उतरल्यावरच गुरोव्हला कळतें कीं, जगांत आपल्याला याहून जवळचें माणूस नाहीं. प्रेमाची परीक्षा समुद्रकांठीं होत नाहीं ती येथें होते. तीं दोघें जिन्यांत भेटतात; वरच्या बाजूला शाळेंतलीं दोन पोरें सिगारेट ओढीत खालीं पाहत उभीं असतात.

दुसऱ्या बाजूनें नीतिवादी मंडळी आमच्यावर चालून येतील हेंहि आम्ही जाणतों. त्यांचा अग्रणी खुद्द टॉलस्टॉय आहे. त्यानें १९०० च्या जानेवारींत ही कथा वाचून आपल्या रोजनिशींत नापसंती नोंदविली. बऱ्यावाईटाची स्पष्ट जाण ज्यांना आलेली नाहीं अशीं हीं माणसें आहेत, असा तिचा रोख होता. टॉलस्टॉयशीं वाद घालण्यास थोडें धाडस लागतें, तरी आमचें मत असें आहे कीं, येथें त्याची नजर चुकली. पापाची किंमत कमी करून सांगणें हा जर अनीतीचा मार्ग असेल, तर या कथेनें एका कवडीचीहि सूट दिलेली नाहीं. ज्या गोष्टींत दोघें सुखानें मिठी मारतात आणि मागें राहिलेल्या माणसांचें नांवहि निघत नाहीं, तेथें ती सूट सर्रास दिलेली असते. आणि त्या गोष्टी घरच्या दिवाणखान्यांत मुलांबाळांसह निर्धास्तपणें पाहिल्या जातात.

ही किंमत कोण भरतें, हा प्रश्न तर आणखीच टाळला जातो. चेकॉव्ह तो टाळीत नाहीं. पुढें ॲना दोनतीन महिन्यांनीं एकदां मॉस्कोला येऊं लागते. गुरोव्हला घराबाहेर पडावयास कारण शोधावें लागत नाहीं. तो मुलीला शाळेंत पोंचवावयास निघतो, थंडी शून्याच्या वर असूनहि बर्फ कसें पडतें हें तिला वाटेंत समजावून सांगतो, आणि तसाच पुढें 'स्लाव्हयान्स्की बझार' हॉटेलांत जातो. ॲनाला मात्र नवऱ्याला सांगावें लागतें कीं, आपल्याला स्त्रियांचा एक विकार आहे व त्यासाठीं मॉस्कोच्या प्राध्यापक-डॉक्टरांस दाखवावयाचें आहे. म्हणजे प्रियकराला भेटण्यासाठीं तिला आधीं रोगी व्हावें लागतें. नवरा विश्वास ठेवतो आणि ठेवीतहि नाहीं. एक बाप मुलीचा हात धरून चाललेला, एक बाई खोट्या आजाराच्या आधारावर प्रवास करून आलेली, आणि दोघांची भेट एकाच खोलींत! सुटींतल्या प्रेमाचा दोघांना येणारा खर्च किती विषम असतो हें याहून उघड करून कसें दाखवावें? आजच्या गोष्टींतली नायिका नोकरी करते, स्वतःचें तिकीट स्वतः काढते, म्हणून हा खर्च आतां सारखा झाला असें कोणी म्हणेल. त्यानें चार दिवसांच्या अशा सहलीनंतर गांवांत चर्चा कोणाची होते, आणि 'तो काय, पुरुषच' म्हणून सुटतो कोण, एवढेंच आजूबाजूला पाहावें.

गांवाविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण या गोष्टींत सर्वांत फसवणूक गांवाची होते. आपल्या मराठी कथानायकांनाहि हवापालटासाठीं माथेरान-महाबळेश्वरांस जावयाची जुनी संवय आहे. माथेरानला १९०७ सालीं नेरळहून चिमुकली रेल्वे आली. मोटारींना गांवांत आजहि मज्जाव असल्यामुळें उतारू दस्तुरी नाक्यावर उतरतात. तेथून वर त्यांना घोड्यावर बसवून नेणारीं किंवा हातरिक्षांत घालून ओढून नेणारीं माणसें त्याच गांवांत राहतात, त्यांच्या घरींहि लग्नें होतात, आणि नायक-नायिकेच्या भांडणांतला शब्द न् शब्द त्यांच्या कानांवर पडत असतो. माणसानें माणसाला ओढण्याची ही चाल बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं दिला. कथाकारांना तो कळण्यास मार्ग नाहीं, कारण त्यांच्या माथेरानांत धुकें आणि लाल माती यांखेरीज कोणी राहतच नाहीं. चेकॉव्हच्या याल्ट्यांतहि स्थानिक माणसें पुष्कळ आहेत असें नव्हे. पण पहांटे ओरेआंदाच्या बांकावर तीं दोघें बसलेलीं असतांना एक माणूस, बहुधा पहारेकरी, जवळ येऊन त्यांच्याकडे पाहतो आणि निघून जातो. दुसऱ्या गांवांतला खाणावळीचा द्वारपाल ॲनाच्या नवऱ्याचें आडनांव चुकीचें उच्चारतो, पण त्याचें घर, त्याचे घोडे, त्याची ऐपत सारें बिनचूक सांगतो. गांव आपल्याकडे पाहत असतें, एवढें कळण्यास हीं दोन माणसें पुरतात.

न्यायाची गोष्ट म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, लोकप्रिय कलेला परतीचा प्रवास साधतच नाहीं असें नाहीं. निकिता मिखाल्कोव्ह यानें चेकॉव्हच्या कथांवरून १९८७ सालीं काढलेल्या 'डार्क आइज' या चित्रपटांत मास्त्रोयानीनें रंगविलेला इटालियन गृहस्थ आरोग्यस्थानीं भेटलेल्या बाईसाठीं रशियापर्यंत धांव घेतो, आणि घरीं परतल्यावर बायकोनें सरळ विचारलेल्या एका प्रश्नाला 'नाहीं' एवढें उत्तर देऊन सर्व घालवून बसतो. मुंबईच्या मराठा मंदिर चित्रगृहांत वर्षानुवर्षें चाललेल्या १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या चित्रपटाचेंहि हेंच श्रेय आहे. गाडी चुकून स्वित्झर्लंडांत मागें राहिलेल्या दोघांची सहल मध्यंतराच्या आंत संपते, आणि उरलेला चित्रपट पंजाबांतल्या घरीं, ठरलेल्या लग्नाच्या तयारींत घडतो. चुकलेल्या गाडीची भरपाई कोठें करावी लागते हें त्याच्या कर्त्यांना कळलें होतें. पण अखेरचा निकाल कोण देतो? मुलगी देत नाहीं. बाप तिचें मनगट घट्ट धरून उभा असतो, आणि त्याला वाटतें तेव्हां तो तें सोडतो. मग ती धांवते, चालत्या गाडींतून पुढें आलेला हात धरते; पुन्हां गाडी, पुन्हां फलाट, आणि पुन्हां तेथेंच पडदा. त्या डब्यांतल्या पहिल्या रात्रीं तीं दोघें एकमेकांशीं काय बोललीं असतील, हें आम्हांस त्या मिठीपेक्षां अधिक ऐकावयाचें होतें.

चेकॉव्हच्या कथेला शेवट नाहीं, अशी तक्रार अजूनहि ऐकूं येते. ॲना हॉटेलच्या खोलींत रडत असते, गुरोव्हला आरशांत आपले पांढरे होऊं लागलेले केस दिसतात, या लपंडावांतून सुटावें कसें याचा दोघें विचार करीत बसतात, आणि अवघड काम तर आतां कोठें सुरू होत आहे हें दोघांनाहि कळलेलें असतें. तेथें लेखक थांबतो. ज्यांना याला शेवट म्हणवत नाहीं त्यांनीं सांगावें कीं, त्यांना कोणता शेवट हवा होता. घटस्फोट? मग त्या काळच्या रशियांत तो चर्चच्या हातीं होता आणि सहजासहजीं मिळत नसे. एखाद्याचा मृत्यु? तो तर लेखकाच्या सोयीचा. तिनें त्याला सोडून देणें? त्यासाठीं मग मॉस्कोला येण्याची यातायात तिनें कशाला केली?

याल्ट्याच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर २००४ सालीं या कुत्रेवाल्या बाईचा पुतळा उभारण्यांत आला. प्रवासी त्याच्या शेजारीं उभे राहून छायाचित्रें घेतात. ती तेथें राहिली ते दिवस थोडे. ज्या गांवीं तिनें पुढचे हिंवाळे काढले आणि ज्याच्या नाट्यगृहांत गुरोव्हला अवचित पाहून ती पांढरीफटक पडली, त्याचें पुरें नांवहि कोणास ठाऊक नाहीं. तेथें पुतळा कोठें उभारणार?